झोपेची वेल

हळ्ळीखेड (बी)
ता. १२ जून १९८३

चि. भीमराज यास,
सुमनचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं कार्ड पावलं. चार ओळींचं कार्ड, त्यातल्या दोन हवापाण्याच्या. औषधाच्या कारखान्यात राहून राहून तू शब्दसुद्धा मोजून मापून द्यायला लागलास की काय? पुढच्या खेपेला पाकीट धाड, नाहीतर मी उत्तरच लिहिणार नाही. लिहीन म्हणा, तुला माझा स्वभाव ठाऊक आहे.

शाळा उघडायच्या आधी पंधरा दिवस चिंताकीला राहून आले. अप्पांचा गुडघा तसाच आहे, पण विहारात वंदना घ्यायला दोन्ही वेळा जातात, कुणाचं ऐकत नाहीत. माय ठणठणीत. तिला हल्ली दुसरं काही सुचत नाही, उठता-बसता तुझी वेल. दोन वर्षांमागं तू परसात सहा मुळ्या लावून गेलास तेव्हा मी मनात हसले होते. पण मायनं भांडी घासलेलं पाणी घालून, वैशाखात वर जुनं लुगडं ताणून ती जगवली. तू म्हणाला होतास वीस हात चढेल. ती माझ्या डोक्याएवढी चढून थांबली, पण यंदा फुलांनी नुसती लदबदली. हिरवी, लहान कणसासारखी फुलं, आत पिवळी भुकटी. तोडली की बोटं चिकट होतात आणि चुकून जीभ लागली तर दिवसभर तोंड कडू.

फुलांनी झोप लागते असं तूच सांगितलं होतंस ना? मायनं ती अप्पांच्या उशीत भरली आणि अप्पा खरंच घोरायला लागले. मग काय, गावभर झालं. आता सगळे तिला झोपेची वेल म्हणतात. आणि ऐक, बस खाली आणि मग वाच. हणमंतराव पाटलांची चंद्रभागाबाई स्वतः आपल्या गल्लीत आली. निरोप नाही, गडीमाणूस नाही, स्वतः. मायच्या घोंगडीवर बसली, मायच्याच तांब्यातलं पाणी प्याली आणि फुलं घेऊन गेली. जाताना एक मुळी पण मागून नेली. त्या रात्री मायला एवढी फुलं घरात असून झोप लागली नाही. अप्पा दुसऱ्या दिवशी सकाळीच धुतलेला सदरा घालून उगीच गावातून एक फेरी मारून आले.

आता मुख्य गोष्ट. आषाढी पौर्णिमेला विहारात वर्षावास सुरू होईल, त्या दिवशी ही फुलं अप्पा बुद्धापुढं ठेवणार आहेत. गल्लीतल्या सात घरांना मुळ्या आधीच वाटल्या. आपल्या गल्लीचा पोरगा जगासाठी औषध करतो, हे अप्पांना सगळ्यांसमोर सांगायचं आहे. तू यायलाच पाहिजेस. पांढरे कपडे आण, मागच्यासारखी ती रेघारेघांची पँट नको.

वाळवलेल्या फुलांचं पोतं मायनं कंडक्टरच्या हाती दिलं होतं, ते मिळालं का? तू सांगितल्यासारखं सावलीत, लुगड्यावर पसरून वाळवलंय म्हणून सांग असं ती दहादा म्हणाली.

तुझ्या बहिणीची आठवण कार्डात मावत नाही एवढं लक्षात ठेव.
सुमन


हैदराबाद
ता. १९ जून १९८३

ती. अक्काच्या सेवेशी,
भीमराजचा सविनय जयभीम. वि. वि.

पोतं मिळालं. हे पत्र तू एकटी असताना वाच. भाऊजींना वाचून दाखवू नकोस.

अक्का, मी औषधाच्या कारखान्यात नाही. कधीच नव्हतो. मी बीअरच्या कारखान्यात आहे. जव भिजवून त्याला मोड आणतात, भट्टीत सुकवतात, दळून पाण्यात उकळतात, आणि त्या उकळीत जी फुलं टाकतात ती ही. हॉप्स म्हणतात त्यांना. बीअरचा कडूपणा त्यांचा, वासही त्यांचा. त्यांच्यामुळं ती टिकतेसुद्धा. फुलांनी झोप लागते हे खोटं नाही, पुस्तकात आहे. तेवढंच एक खरं मी घरी सांगितलं.

गुलबर्ग्याहून बी.एस्सी. होऊन दीड वर्ष फिरलो ते तुला माहीत आहे. जाहिरातीत फक्त केमिस्ट पाहिजे असं होतं. कामावर घेतल्यावर कळलं कसला कारखाना. घरी लिहिताना हात थांबला आणि औषध हा शब्द उतरला. महिन्याभरात दुसरं बघू म्हटलं. त्याला पाच वर्षं झाली.

वेलीचं असं. ही फुलं परदेशातून येतात. आमचे भट्टीचे साहेब म्हातारे आहेत, हौशी आहेत. त्यांनी हिमालयाकडून मुळ्या मागवल्या आणि विचारलं, कुणाच्या गावाकडं जमीन आहे? सगळे हसले, आपल्या उन्हात हे येणार नाही म्हणाले. मला कुणास ठाऊक काय वाटलं. मी म्हटलं, माझी माय काहीही जगवते. आता साहेबांनी पोत्यातली फुलं चोळून वास घेतला आणि मला सगळ्यांसमोर जवळ घेतलं. इथं एक लहान तांब्याची भट्टी आहे, नवीन प्रयोगापुरती. तिच्यात या फुलांची बीअर करायची म्हणतात आणि जमलं तर ती भट्टी माझ्याच हाती देणार म्हणतात.

मी पीत नाही, अक्का. कामापुरती चव घ्यावी लागते. जिभेवर फिरवतो आणि थुंकतो. आजवर एक थेंब गिळला नाही.

बुद्धापुढं ती फुलं नकोत. तू चिंताकीला जा आणि काहीतरी सांग. वेलीला रोग पडलाय, विषारी झालीय, काहीही. उपटून टाक. मी पाया पडतो.

तुझ्या मायेला पात्र नसलेला,
भीमराज


हळ्ळीखेड (बी)
ता. २५ जून १९८३

भीमराज यास,
जयभीम.

आज चि. लिहायला हात धजला नाही, तर तसंच राहू दे.

पत्र शाळेत आलं. चौथीच्या पोरांना पाढे म्हणायला लावून मी वाचलं. नंतर काय शिकवलं ते मला आठवत नाही. घरी येऊन ट्रंक उघडली आणि तू घेतलेलं पातळ काढलं. दोन वर्षं मी ते मिरवलं, माझ्या भावानं औषधं करून घेतलंय म्हणून सगळ्या मास्तरणींना सांगितलं. मला माझीच लाज वाटली.

तू अंगावर पीत होतास, तुला आठवायचं नाही. मला सगळं आठवतं. दीक्षेच्या आधी अप्पा शिंदीच्या दुकानाची कावड वाहायचे. झाडाखालची मडकी गोळा करायची आणि दुकानात न्यायची. मजुरी अर्धी धान्यात, अर्धी शिंदीत. रोज झिंगून यायचे, मायला मारायचे. हो, मारायचे, हे आपल्या घरात कुणी बोलत नाही, पण मी बघितलंय. पंचशील घेतलं त्या संध्याकाळी त्यांनी कावड दुकानाच्या दारात ठेवली आणि उद्यापासून येणार नाही म्हणून सांगितलं. त्या वर्षी दुसरं काम कुणी दिलं नाही. आम्ही अंबाडीचा पाला उकडून खाल्ला. मायचं दूध आटलं आणि तू रात्रंदिवस रडायचास. शिंदीच्या दुकानाचा गुत्तेदार दोनदा घरी आला, लेकराकडं तरी बघ म्हणाला. अप्पा गेले नाहीत. त्यांना पाच गोष्टी पाठ होत्या आणि त्यातली पाचवी, नशा न करायची, त्यांनी उपाशी राहून पाळली.

आणि तू मला सांगतोस, रोग पडलाय म्हण. वारे वा! तुझ्या खोट्याला माझं खोटं जोडून द्यायचं? मी वेलीला हात लावणार नाही आणि एक शब्द बोलणार नाही. तू पेरलंस, तूच उपट. पौर्णिमेला अजून महिना आहे, तेवढ्यात ये आणि अप्पांना तोंडानं सांग. कागदावर नको.

थुंकतो म्हणे! गिळलं नाही म्हणून शील मोडलं नाही, हा हिशेब कुणी शिकवला तुला? दुसऱ्यांनी गिळावी म्हणूनच करतोस ना ती?

रागात लिहिलंय. तरी जेवत जा वेळेवर.
सुमन


हैदराबाद
ता. ३ जुलै १९८३

ती. अक्काच्या सेवेशी,
सविनय जयभीम. वि. वि.

तू लिहिलंस त्यातलं एक अक्षर चुकलेलं नाही. मायला मारायचे हे मला खरंच माहीत नव्हतं. पत्र वाचून दोन दिवस कामावर गेलो नाही.

तिसऱ्या दिवशी गेलो, कारण साहेबांनी माणूस पाठवला. लहान भट्टीतली बीअर तयार झाली होती. आता तुला सांगायचं ते सांगतो, नाहीतर माझा जीव जाईल. मायची फुलं उकळीत मीच टाकली होती, माझ्या हातानं, मापून. तेव्हा पोत्यातून तिच्या लुगड्याचा धागा निघाला, तो मी बाजूला काढून खिशात ठेवला आणि काम पुढं चालू केलं. आता पेला भरून समोर आला. सगळे बघत होते. साहेब म्हणाले, ही तुझ्या मातीची आहे, पहिला घोट तुझा. मी तोंडात घेतली. थुंकायचं भांडं शेजारीच होतं. मी थुंकलो नाही.

कुणी जबरदस्ती केली नाही, अक्का. मला अभिमान वाटला. जे येणार नाही म्हणत होते ते माझ्या मायनं आणलं, असं वाटलं आणि मी गिळली. चांगली झाली होती, हेही सांगतो. मग बाहेर जाऊन ओकलो, पण ओकून काय होतं?

मी पौर्णिमेला येतो. आदल्या दिवशी पोचतो, संध्याकाळीच अप्पांना सांगतो आणि सकाळी स्वतः वेली खणतो. तू असशीलच, माझ्याजवळ उभी राहा. एकट्यानं होणार नाही.

रागावलेली का होईना, आठवण ठेव.
भीमराज


हैदराबाद
ता. ३० जुलै १९८३

ती. अक्काच्या सेवेशी,
सविनय जयभीम.

तुझ्या सासूबाईंचा ताप उतरला का? तू येऊ शकली नाहीस यात तुझा दोष नाही. तू असतीस तर झालं असतं असं मी म्हणणार नाही. ती पण पळवाटच झाली असती.

मी सांगितलं नाही.

बसमधून उतरलो तर अप्पा फाट्यावर उभे. दुखऱ्या गुडघ्यानं तेवढं चालत आलेले. माझी पिशवी त्यांनीच घेतली. वाटेत बोलायचं ठरवलं होतं, पण जो भेटेल त्याला ते थांबवून सांगत होते, पोरगा आला म्हणून. घरी मायनं पुरणाचा घाट घातलेला. जेवण झाल्यावर सांगू म्हटलं. जेवण झाल्यावर अप्पांनी सकाळी बोलायचं भाषण मला म्हणून दाखवलं आणि कुठं चुकतंय का विचारलं. मी म्हटलं, चांगलं आहे.

सकाळी विहार भरलेला. बुद्धापुढं परातभर फुलं, माय पहाटेच तोडून आली होती. तो वास, अक्का, मी रोज कारखान्यात घेतो तोच वास, तिथं मेणबत्तीच्या वासात मिसळलेला. मागं भिंतीला टेकून चंद्रभागाबाई बसलेल्या, आयुष्यात पहिल्यांदा विहारात. अप्पांनी माझ्याबद्दल सांगितलं. टाळ्या वाजल्या. मग त्यांनी मला पुढं बोलावलं आणि म्हणाले, आज पंचशील हा देईल, आपण मागून म्हणू.

मी दिलं. पाचही दिली. पाचव्याला थांबेन असं वाटलं होतं, थांबलो नाही. उलट आवाज जास्तच मोठा निघाला. माझ्यामागून सगळी गल्ली म्हणाली, लहान लेकरंसुद्धा. अप्पा डोळे मिटून म्हणत होते. हे सगळं माझं तोंड करत होतं आणि मी ते लांबून बघत होतो. तेवढी लाज मला त्या घोटाचीही वाटली नव्हती.

दुपारच्या गाडीनं पळून आलो. कामाचं निमित्त सांगितलं. आणखी एक खोटं.

आज या पत्राबरोबर दुसरं पत्र अप्पांच्या नावानं टाकतोय. तू कागदावर नको म्हणाली होतीस. पण तोंडानं होत नाही हे मी बघून आलो. त्यात सगळं लिहिलंय, घोटासकट. नोकरी सोडली असं मात्र लिहिलेलं नाही, कारण सोडलेली नाही. साहेबांनी लहान भट्टीच्या किल्ल्या दिल्यात, त्या माझ्याकडंच आहेत. सोडीन असं खोटं निदान या पत्रात तरी लिहू नये असं वाटलं.

पत्र पोचेल तेव्हा तू चिंताकीला जाऊन राहशील का? मायला कुणीतरी हवं.

दुसरं काय मागू तुझ्याकडं?
भीमराज


चिंताकी
ता. २८ ऑगस्ट १९८३

चि. भीमराज यास,
सुमनचा जयभीम.

मी इथं चार दिवस झाले आले आहे. सोबतचं पत्र अप्पांनी स्वतः लिहिलंय. तीन दिवस लिहीत होते. मी शुद्धलेखन बघते म्हटलं तर कागद हाताखाली झाकून घेतला. मी एक अक्षर सुधारलेलं नाही.

माय बरी आहे. बोलते कमी.

सुमन


चिंताकी

चि. भीमराज यास,
अप्पाचा जयभीम.

तुजं पत्र तीन हप्त्यामागं बुधवारी आलं. मी दोनदा वाचलो. मग तुज्या मायला वाचून दाखीवलो. ती ज्वारी निवडू लागली व्हती. लेकरानं कामून असं केलं म्हणून इचारली. ती परत निवडू लागली.

तुला शिव्या द्यावं असं लई वाटलं. पर बसून इचार केलो तवा दुसरंच ध्यानात आलं. पाच वर्सं झालं तू तिकडं हाईस. मी तुला एकदाबी इचारलो न्हाई की बाबा कसलं औषध करायलास, कुठल्या रोगावर. तब्येत इचारलो, जेवण इचारलो. घरावर पत्रं आलं, मायला चष्मा आला. इचारलं तर काय निघंल म्हणून भेलो आसंन. तू खोटं बोललास ते तुज्याकडं. मी इचारलो न्हाई ते माज्याकडं.

श्रावण पौर्णिमेला विहारात हुबा राहिलो. मी म्हणलो, मी बुद्धापुढं जे फूल ठेवलो ते दारूचं फूल हाय. माजा पोरगा औषध करत न्हाई, दारू करतो. मी गेल्या पौर्णिमेला तुमास्नी खोटं सांगितलो. कुणी कायबी बोललं न्हाई. कुणी बोललं आसतं तर बरं झालं आसतं.

येली मी आन् गल्लीतल्या कोंडाबाईचा थोरला पोरगा मिळून खणलो. आपली आन् सात घरची. मूळ लई खोल गेलं व्हतं. मग पाटलाच्या घरी गेलो. चंद्रभागाबाई ओसरीवर व्हती. मी खालीच हुबा राहून समदं सांगितलो. ती हासली. म्हणली, मला झोप लागायलीय, दारूचं आसू दे न्हाईतर कशाचंबी, मी ठेवते. आन् म्हणली, तुमच्यात ह्ये काय नवं हाय व्हय. मी परत आलो. तुज्या मायला ते शेवटचं सांगितलो न्हाई, तूबी सांगू नगं.

वंदना आता कोंडाबाईचा थोरला घेतो. मी मागं बसतो. गुडघ्याला भिंत मिळते, तेबी बरंच हाय.

नोकरी सोड म्हणून मी तुला सांगणार न्हाई. मी सोडलो तवा तुज्या मायला आदी इचारलो व्हतो आन् ती व्हय म्हणली व्हती. उपाशी राहायचं ज्याचं त्यानं ठरवावं, दुसऱ्यानं सांगून त्ये व्हत न्हाई. घरावरचं पत्रं बी मी काढलो न्हाई. पाऊस लागलाय, काढून जावं कुठं? तू धाडलेलंच खायलाव.

म्हणून एक कळवतो. घरात सकाळ-संध्याकाळ आमी दोगं वंदना म्हणतो. शीलं चारच म्हणतो. पाचवं आलं की गप बसतो. तुज्या मायला पयल्या दिवशी सवयीनं तोंडात आलं व्हतं, मग ती पदर तोंडाला लावली. आता तिला सवय झालीय.

ज्या दिवशी तुला म्हणता यील त्या दिवशी घरी ये. तू म्हण, आमी मागून म्हणताव. तवर चारच.

तुजा अप्पा
नरसिंग